मासळी, फॉर्मेलिन आणि विश्वास: शाळेत नेमकं काय शिकवावं?

खांडेपारचा मास्तर:

नमस्कार मंडळी.

विषय मोठा आहे, पण सुरुवात मासळीपासून करतो. गोव्यात सामान्य माणसाचा आणि प्रयोगशाळेचा सगळ्यात मोठा खटका उडाला तो मासळीवरूनच.

2018 चा जुलै आठवून पाहा. आधी जूनमध्ये केरळात 'ऑपरेशन सागर राणी' या तपासणी मोहिमेत, टिकावी म्हणून फॉर्मेलिन हे रसायन लावलेली हजारो किलो मासळी पकडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग 12 जुलैला मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या मासळीची जागच्या जागी चाचणी घेतली. आधी कळलं, फॉर्मेलिन सापडलं. त्याच दिवशी पुढे कळलं, प्रयोगशाळेत तपासलं, प्रमाण मर्यादेत आहे, खायला हरकत नाही. आणि 18 जुलैपासून सरकारने परराज्यांतून येणारी मासळी महिनाअखेरपर्यंत बंदच करून टाकली.

प्रत्येक पावलामागे काही ना काही कारण असेलही. पण घरात बसलेल्या माणसाला ऐकू आलं ते असं: आहे, नाही, आणि तरीही बंद. सोमवार सोडला तर ज्यांच्याकडे शिवराक (शाकाहारी) शिजत नाही अशा घरांत कित्येक दिवस मासळी आली नाही. त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, म्हणजे त्या दिवसांत बाजार बाहेरच्या मासळीवरच चालतो. मासळी विकणाऱ्या बायकांनी काय करायचं?

तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठला ना कुठला जुना व्हिडिओ पुन्हा फिरतो आणि वर्गात प्रश्न येतो, "सर, खरं कुणाचं?" नववी-दहावीच्या मुलांना फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे फॉर्मेलिनमधल्या रसायनाचा, रेणू फळ्यावर काढता येतो. चाचणीत 'सापडलं' म्हणजे काय झालं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. अभ्यासक्रमात ते नाहीच. माझं म्हणणं असं की 'विज्ञानावर विश्वास ठेवा' असं सांगून विश्वास बसत नाही. एखादी गोष्ट कळली कशी, कुणी मोजली, कशाने मोजली, हे उघड्यावर दाखवलं तरच बसतो. तुम्हाला काय वाटतं? आणि शाळेत हे कसं करता येईल?

रसायनवाली:

मास्तर, मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जी 2018 मध्ये लोकांपर्यंत नीट पोचलीच नाही. समुद्राच्या मासळीत फॉर्मल्डिहाइड मुळातच तयार होतं. माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं रसायन असतं, खाऱ्या पाण्यात तग धरायला त्याचा उपयोग होतो. मासा मेल्यावर विकरांमुळे ते मोडतं आणि त्यातून डायमिथाइल अमाइन आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. सगळ्या माशांत सारखं नाही. चोर बोंबलासारख्या काही जातींत पुष्कळ, इतर जातींत अगदी कमी. बर्फाच्या कोठीत बरेच दिवस ठेवलेल्या मासळीतही ते वाढत जातं. म्हणजे कुणी बाटली न ओतताही चाचणीत काहीतरी दिसू शकतं.

बाटलीतलं फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं साधारण 37 ते 40 टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण. ते मासळीला लावणं हा सरळ गुन्हा आहे, त्याला 'थोडं चालेल' अशी मर्यादाच नाही. म्हणून 'मर्यादेत आहे' हे वाक्य ऐकून लोक चिडले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कुठली मर्यादा? मासळीत आपोआप तयार होणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आकडे ठरवले ते नंतर, 2019 मध्ये: बहुतेक मासळीसाठी किलोला 4 मिलिग्रॅम आणि मुळातच जास्त असणाऱ्या काही जातींसाठी 100 मिलिग्रॅम. हाच फरक त्या संध्याकाळी कुणीतरी फळ्यावर खडूने लिहून समजावला असता तर अर्धी आग तिथेच विझली असती.

दुसरी गोष्ट किटची. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने बनवलेला किट तुम्हाला पाहायला मिळाला तर मुलांना जरूर दाखवा. कागदाची पट्टी माशाच्या अंगावरून फिरवायची, तिच्यावर रसायनाचा थेंब टाकायचा आणि रंग बदलला तर छापील रंगपट्टीशी ताडून पाहायचा. फार उपयोगी वस्तू. पण ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेला प्रत्येक नमुना यंत्रावर पुन्हा मोजावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि दोन निकाल वेगळे आले तर कुणी खोटं बोललं असं होत नाही.

वर्गासाठी एक गणित देते. समजा 1000 नमुने आहेत आणि त्यातल्या 20 मध्ये खरोखर भेसळ आहे. चाचणी भेसळीचे 100 पैकी 90 नमुने पकडते, म्हणजे 20 पैकी 18. पण चांगल्या नमुन्यांतही 100 मागे 5 वेळा उगाच रंग दाखवते, म्हणजे 980 पैकी 49. एकूण 67 पट्ट्यांचा रंग बदलला, खरी भेसळ 18 मध्ये. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मगच उत्तर काढून दाखवा. मोठ्या माणसांचाही अंदाज इथे चुकतो.

आई_पर्वरीची:

ताई, एवढं सगळं वाचलं, पण मला एकच सांगा. जुलैत मासळी आणायची की नाही?

रसायनवाली:

आणा. ओळखीच्या बाईकडून, बर्फात नीट ठेवलेली. कल्ले उघडून लाल आहेत का पाहा, डोळे वर आलेले हवेत, वास घ्या. समुद्राचा वास यायला हवा. झोंबणारा औषधी वास आला किंवा मासा रबरासारखा ताठ लागला तर सोडून द्या. वाहत्या पाण्यात धुऊन पुरतं शिजवा. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं आणि उडूनही जातं, म्हणून धुण्या-शिजवण्याने ते कमी होतं. पण त्याच्या भरवशावर संशयी मासळी घेऊ नका.

म्हापशाचा वाचक:

विषय चांगला आहे, पण मास्तर आणि ताई दोघांशीही मी पूर्ण सहमत नाही.

लोकांना टक्केवारी कळत नाही म्हणून विश्वास जातो, असं मला वाटत नाही. विश्वास जातो तो सांगणाऱ्यावरचा. आमच्या बाजूच्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला मी बसलो होतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल जाडजूड, आणि तो तयार करणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतो, तर ज्याला प्रकल्प करायचा आहे तोच. पद्धतच तशी आहे. गावातला एक म्हातारा शेतकरी उठला आणि त्याने विचारलं, "माझ्या बांयचं पाणी कुठल्या महिन्यात मोजलं?" अहवालात पाण्याची पातळी होती, पण मोजणी पावसाळा संपता संपता केलेली. मे महिन्यात विहिरीला तळ दिसतो हे त्या माणसाला लहानपणापासून ठाऊक. व्यासपीठावरून उत्तर आलं, "ते तांत्रिक आहे." सभा संपली ती तिथेच. पुढचे दोन तास लोक नुसते ओरडत होते.

मला सांगा, यात विज्ञानाच्या बाजूने कोण बोललं? मोजणी कधी केली हा प्रश्न शंभर टक्के वैज्ञानिक आहे. खाण पट्ट्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं विहिरी आटताना आणि शेतात लाल गाळ साचताना पाहिला, आणि कागदावर मात्र सगळं आलबेल. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि त्याच वर्षी जुलैत मासळीचं प्रकरण झालं. तोवर सरकारी शिक्क्याच्या कागदावरून लोकांचं मन पार उडालं होतं. तेव्हा आधी शास्त्रज्ञांना आणि अधिकाऱ्यांना शिकवा, मग मुलांना.

सत्तरीकर:

म्हापसेकरांचं बरंचसं पटतं, पण पुढे एक जोडतो, कारण आमच्याकडे याच्या उलटही घडताना पाहिलं आहे.

2015 मध्ये आमच्या सत्तरीत, पाली गावात, माकडतापाची साथ आली. रोग जुना आहे, 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याचं नावही तेच. विषाणू गोचिडीतून येतो. माकडं मरायला लागली की धोक्याची घंटा वाजली असं समजायचं. आणि गोचिडीचा जोर असतो नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा बाया-माणसं दिवसभर पाल्यापाचोळ्यात वाकून बोंडं गोळा करतात. काजू सोडा असं आम्हाला सांगून चालत नाही. वर्षाचा पैसा तिथून येतो.

सुरुवातीला गोंधळच होता. कुणी म्हणायचं देवाचा कोप, कुणी म्हणायचं औषध फवारणीचा परिणाम. नंतर लस आली. लस देणारे काही जण म्हणाले, "घ्या, काही होणार नाही." मग लस घेतलेल्या एकाला ताप आला आणि वाडाभर झालं की लस खोटी. खरं म्हणजे त्या लसीचा कर्नाटकातला अभ्यास छापलेला होता: दोन डोस घेतले तर साधारण 62 टक्के संरक्षण, बूस्टर घेतला तर 83 टक्के. म्हणजे लस घेऊनही काहींना ताप येणारच होता! हे आधी सांगितलं असतं तर ताप आल्यावर लोकांनी 'फसवलं' म्हटलं नसतं. (पुढे 2022 च्या सुमारास ती लस बंदच झाली, कारण तिची ताकद पुरेशी राहिली नव्हती.)

आमच्या वाड्यावर चित्र बदललं ते एका आरोग्यसेविकेमुळे. ती आमच्यातलीच, तिच्या घरचीही बागायत. तिने पांढऱ्या फडक्याचा तुकडा काठीला बांधला आणि काजूखालच्या पाचोळ्यावरून ओढत नेला. फडकं उलटं केलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपके, आणि ते चालत होते. आजवर आम्ही गोचीड म्हटलं की गुरांच्या कानातली टपोरी गोचीडच डोळ्यांसमोर आणत होतो. ही पिल्लं कधी चावतात ते कळतही नाही. त्या दिवसानंतर अंगाला डीएमपी तेल (गोचीड दूर ठेवणारं) लावा, पाय झाका, घरी आल्यावर कढत पाण्याने आंघोळ करा आणि कपडे उकळा, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला फोन जायला लागले.

तिने कुणाला 'श्रद्धा ठेवा' म्हटलं नाही. फडकं दाखवलं. आणि साथ नसतानाही ती दर आठवड्याला वाड्यावर यायची, हे मला त्याहून मोठं वाटतं.

सागरतळ:

मी समुद्रविज्ञानात संशोधन करतो, त्यामुळे म्हापसेकरांचा बाण आमच्यावरही आहे हे मान्य करून लिहितो.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात. बागा, कोलवा, बाणावली, सगळीकडे रापणकारांची (किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांची) जाळी काळी होतात, पर्यटकांचे पाय बरबटतात. दरवर्षी वर्तमानपत्रवाल्यांचा फोन येतो, "हे काय आहे?" याचं उत्तर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी कष्टाने शोधलेलं आहे. समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो, जड भाग घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचा वारा आणि प्रवाह तो किनाऱ्यावर आणून टाकतात. गोळ्यातल्या ठरावीक रेणूंचं प्रमाण तपासलं की कुठल्या प्रकारच्या तेलाशी ते जुळतं ते कळू शकतं, बोटांच्या ठशांसारखं. हे जेव्हा मी रापणकारांना बसून सांगितलं तेव्हा त्यांनी मला उलट विचारलं, अमावास्येच्या भरतीला जास्त येतात ते का? चांगला प्रश्न. मी तो वहीत लिहून घेतला आणि त्यांनाच विचारलं की तारखा टिपून ठेवाल का.

आमची अडचण अशी की आमच्या कामाची गणती शोधनिबंधांत होते. मच्छीमार सोसायटीत जाऊन बोललेल्या संध्याकाळची कुठे नोंद होत नाही. त्यामुळे संस्था लोकांना दिसतात त्या फक्त संकट आलं की, टीव्हीवर. तेव्हा अनोळखी माणसाचं कोण कशाला ऐकेल? सीएसआयआरच्या (आमची समुद्रविज्ञान संस्था ज्या केंद्रीय संशोधन परिषदेची आहे तिच्या) प्रयोगशाळा 26 सप्टेंबरच्या, म्हणजे स्थापनादिनाच्या, सुमारास दारं उघडतात, शाळा येतात, मुलं सूक्ष्मदर्शकातून प्लवक पाहून थक्क होतात. ते व्हायलाच हवं. पण वर्षातला एक दिवस पुरा पडत नाही. उरलेल्या दिवसांत आम्हीच बाहेर पडायला हवं.

आणि 'मला अजून माहीत नाही, अमुक तारखेपर्यंत कळेल' हे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणायची सवय आम्हा लोकांना नाही. 12 जुलैला कुणी म्हटलं असतं की "चाळणी चाचणीत रंग दिसला आहे, यंत्रावरचा निकाल परवा येईल, तोवर हा माल बाजूला ठेवतो," तर मला वाटतं गोवेकरांनी दोन दिवस थांबून पाहिलं असतं.

माई_पणजी:

सगळ्यांचं वाचलं. निवृत्त शिक्षिका आहे, तेव्हा शाळेबद्दलच बोलते.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियांचा पुतळा सगळ्यांनी पाहिला असेल. बाईच्या अंगावर हात पसरून उभा असलेला पाद्री. मुलांना तो जादूगार वाटतो, आणि मी तिथे सहल नेली की मुद्दाम थांबायची. हा कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला माणूस पॅरिसला गेला. तिथे तेव्हा संमोहन म्हणजे कुठलातरी अदृश्य चुंबकी द्रव असं मानत आणि तो द्रव आपल्या ताब्यात आहे असं सांगणाऱ्यांचा मोठा बोलबाला होता. फारियांनी 1813 पासून लोकांसमोर प्रयोग केले आणि सांगितलं की द्रव वगैरे काही नाही, माझ्यात कसली शक्ती नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं. स्वतःभोवतीचं गूढ त्यांनी स्वतःच काढून टाकलं. मुलांना मी विचारायची, त्यांनी गूढ ठेवलं असतं तर त्यांचा फायदा झाला असता की नुकसान? तास संपायचा पण वाद संपायचा नाही.

आता मास्तरांसाठी एक प्रयोग. फॉर्मेलिनच्या दिवसांत सगळीकडे एक समज पसरला होता, अजूनही आहे: मासळीवर माशा बसत नसतील तर तिला औषध मारलेलं असतं. हा समज चुकीचा म्हणून सोडून देऊ नका, तो मुलांना तपासू द्या. एकाच बाईकडून, एकाच पाटीतले बांगडे घ्या. एक ताट बर्फावर, एक तसंच, एक बर्फावर ठेवून वर फडकं झाकलेलं. तीनही ताटं एकाच सावलीत. दर दहा मिनिटांनी माशा मोजायच्या. ताटांच्या जागा मध्येच बदलायच्या, कारण कुंपणाजवळ माशा जास्त असतात. हे मी सांगितलं नव्हतं, सातवीतल्या एका मुलीने हटकलं होतं! आमच्याकडे बर्फावरच्या बांगड्याकडे माशा फारशा फिरकल्या नाहीत आणि उघड्यावरचा बांगडा काळा झाला. औषधाचा थेंब कुठेच नव्हता. मुलांनी घरी जाऊन आज्यांना सांगितलं, आणि दोन आज्या दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला आल्या. त्यांनाही मोजायला बसवलं.

म्हापशाचा वाचक:

माई, हे मला फार आवडलं. जागा बदलायला लावणाऱ्या त्या मुलीला पुढे एखाद्या जनसुनावणीत बसवा. माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही, सांगणाऱ्याने हिशेब उघडा ठेवलाच पाहिजे. पण हिशेब मागायला शिकलेली मुलं असतील तर तो लपवणं कठीण जाईल, हेही खरं.

सत्तरीकर:

शाळांनी काजूच्या हंगामाआधी, डिसेंबर-जानेवारीतच, फडक्याचा प्रयोग करावा असं मला वाटतं. पण आरोग्य कर्मचारी सोबत घेऊनच, पूर्ण कपड्यांत, आणि मुलांनी लांबून पाहायचं. मुलांना पाचोळ्यात पाठवू नका.

खांडेपारचा मास्तर:

मंडळी, मनापासून आभार. कालपासून वहीत टिपणं काढतो आहे.

ठरवलेलं सांगतो. जून उजाडला की नववीच्या दोन तुकड्यांत आधी ताईंचं 1000 नमुन्यांचं गणित, मग माईंचे बांगडे. मिरामारच्या विज्ञान केंद्राची सहल दरवर्षीसारखी होईलच, पण या वेळी तिच्याआधी मडगावच्या बाजारात पहाटे एक फेरी. मासळीवाल्या बायकांना मुलांनी विचारायचं की माल कुठून येतो, बर्फ कुठून येतो, ताजी मासळी त्या कशी ओळखतात. त्यांना या विषयातलं जेवढं कळतं तेवढं माझ्या पुस्तकात नाही, आणि 2018 मध्ये सगळ्यात जास्त भोगलं त्यांनीच.

म्हापसेकरांसाठी: दहावीच्या मुलांना एका जुन्या आघात अहवालाचा सारांश वाचायला देणार आहे. प्रश्न एकच, कुठली गोष्ट कधी आणि कुठे मोजली ते शोधा. प्रकल्प चांगला की वाईट यावर वर्गात चर्चा नाही. पालकांपैकी कुणी हरकत घेतली तर अहवाल सार्वजनिक आहे एवढंच सांगेन.

सागरतळ, तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ शकेल का? भाषण नको. ताटांवर बसलेल्या माशा मोजून मुलांनी काढलेले आकडे बघून त्यांच्या चुका काढायला माणूस हवा आहे.

सागरतळ:

येतो. आकडे आधी पाठवू नका, तिथेच बघू. आणि बांगड्यांबरोबर थोडी सुंगटं (कोळंबी) पण ठेवा, त्यांच्यावर माशा वेगळ्या वागतात का ते मलाही बघायचं आहे.

रसायनवाली:

मी रंगपट्टीचा किट मिळवायचा प्रयत्न करते. मिळाला तर उघड्यावरच्या आणि बर्फावरच्या दोन्ही बांगड्यांवर मुलांसमोरच लावू. मास्तर, शाळेत पाण्याचा नळ आणि हातमोजे आहेत का ते कळवा.